जेएसपी कस्टम टॅगमध्ये आधीची माहिती शिल्लक राहते : मदत हवी आहे

नमस्कार. जेएसपी पानांवर (जावा कोड वापरून तयार होणाऱ्या वेबपानांवर) तक्ता दाखवण्यासाठी मी बॉडीटॅगसपोर्ट या जावाच्या तयार क्लासवरून एक कस्टम टॅग, म्हणजे स्वतःचा टॅग, लिहिला असून, त्याच्या आतले स्तंभाचे टॅग आपापले शीर्षक या बाहेरच्या टॅगमधील यादीत भरतात. पहिल्यांदा पान बरोबर दिसते. पुन्हा उघडले की तेच स्तंभ दुप्पट होतात. टॉमकॅट हा सर्व्हर टॅगचा ऑब्जेक्ट पुन्हा वापरतो आणि साफसफाईसाठीची रिलीज ही मेथड दर वापरानंतर चालत नाही, हे मला दोन दिवस घालवल्यावर उमगले. यादी टॅग सुरू होताना चालणाऱ्या डूस्टार्टटॅगमध्ये रिकामी करावी, की ट्रायकॅचफायनली इंटरफेसच्या, टॅग संपताना चालणाऱ्या डूफायनलीमध्ये? बॉडीटॅगसपोर्टऐवजी सिंपलटॅगसपोर्ट हा क्लास घेतल्यास दर वेळी नवा ऑब्जेक्ट मिळतो खरा, परंतु आमच्या जुन्या पानांत टॅगच्या पोटात स्क्रिप्टलेट (पानातच लिहिलेले जावा कोडचे तुकडे) आहेत आणि ती सिंपलटॅगसपोर्टमध्ये चालत नाहीत.