हेडचे नट टॉर्क रेंचने आवळले, तरी तेल का पाझरतंय?

प्रश्न
१०० सीसी एअर-कूल्ड इंजिन, हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) धरणारे चार स्टड (आटे असलेले दांडे). मॅन्युअलमध्ये हेडच्या नटांना २.० किग्रॅ-मीटर दिलंय. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला क्लिक होणारा पाना) अर्धा इंची, २८ ते २१० न्यूटन-मीटरचा. २८ वर लावून क्लिक व्हायच्या जरा आधी थांबलो. गॅस्केट (सांध्यातून गळू नये म्हणून मधे घालतात ते) नवीन, तरी एका कोपऱ्यातून तेल येतंय. अजून आवळू का?

उत्तर १
अजिबात नको. २.० किग्रॅ-मीटर म्हणजे १९.६ न्यूटन-मीटर. तुमचा रेंच सुरूच २८ पासून होतो, त्यामुळे क्लिकच्या जरा आधी म्हणजे निव्वळ अंदाज. पाव इंची, ५ ते २५ चा रेंच घ्या. क्लिक झाल्यावर खात्रीसाठी पुन्हा क्लिक करू नका, दर वेळी नट थोडा पुढे सरकतो.

उत्तर २
रेंच बरोबर असला तरी आटे घाण असतील तर आकडा फसवा. लावलेल्या जोरातला साधारण दहावा भागच स्टड ताणायला लागतो, बाकी घर्षणात जातो. आटे तारेच्या ब्रशने साफ करा. तेल मॅन्युअलने सांगितलं असेल तरच लावा. कोरड्या आट्यांच्या आकड्यावर तेल लावून आवळलं की स्टड जास्त ताणला जातो आणि क्रँककेसमधले (इंजिनाच्या खालच्या खोळीतले) ॲल्युमिनियमचे आटे निघतात.

कॅप नटही (वरून बंद असलेले नट) तपासा. वायसरच्या वर स्टड किती मिमी उरतो ते मोजा, नटाची आतली खोली त्याहून जास्त हवी. नाहीतर नट स्टडच्या टोकाला टेकतो, क्लिक होतो आणि हेड सैलच राहतं.

उत्तर ३
तेल एकदा गॅस्केटखाली गेलंय, तेव्हा हेड उघडा आणि परत नवीन गॅस्केट टाका. इंजिन पूर्ण थंड हवं. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, गरम असताना आवळलेलं हेड थंड झाल्यावर सैल पडतं. नट तिरके, समोरासमोर घ्या: आधी ८, मग १४, मग १९.६ न्यूटन-मीटर. बाजूचे ६ मिमीचे बोल्ट सगळ्यात शेवटी. नंतर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट बघायचीच.

प्रश्नकर्ता
वायसर तीन स्टीलचे, एक तांब्याचा निघाला. कुठेही चालतो ना?

उत्तर ३
नाही! ज्या स्टडच्या भोकातून तेल हेडकडे चढतं, तांब्याचा त्याच्यावरच. मॅन्युअलमधल्या चित्रात जागा दाखवलेली असते. तुमचा कोपरा बहुतेक तोच. वायसर नवीनच टाका, जुना दबून कडक झालेला असतो.