फॉरेन की आणि चेक डेटाबेसातच असावेत का?

खाडीकाठ (रत्नागिरी):
आंब्याच्या पॅकहाऊसचा आमचा हिशोब पोस्टग्रेस या डेटाबेसवर आहे आणि त्यात तीन वाटांनी नोंदी येतात: काउंटरवरच्या संगणकावरून, बागेतल्या मोबाईलवरून आणि वाशीच्या दलालाकडून येणाऱ्या पट्टीच्या (विक्रीच्या हिशोबाच्या) एक्सेल फाइलमधून. बागायतदार, पेटी आणि पट्टी ही टेबले एकमेकांशी जुळलेली राहायची असतील, तर बंधने (फॉरेन की, म्हणजे एका टेबलात लिहिलेला क्रमांक दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे; आणि चेक, म्हणजे रकान्यातली किंमत ठरलेल्या अटीत बसलीच पाहिजे) डेटाबेसातच हवीत, असे माझे ठाम मत आहे. प्रोग्राममधला नियम त्या प्रोग्रामपुरताच चालतो. एक्सेल थेट टेबलात उतरवणाऱ्याला तो ठाऊकही नसतो. शिवाय बागायतदार अस्तित्वात आहे हे प्रोग्रामने सिलेक्टने (नोंद वाचण्याच्या आज्ञेने) पाहिले आणि पेटी नोंदवण्याआधीच दुसऱ्या ट्रान्झॅक्शनने (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटाने) त्याला काढून टाकले, तर ती पेटी पोरकी होते, म्हणजे तिचा बागायतदार टेबलात उरत नाही. फॉरेन की मूळ नोंदीवर लॉक घेते, म्हणजे काम संपेपर्यंत ती काढू देत नाही, म्हणून तिथे असे घडत नाही.

कातळसडा (देवगड):
तत्त्व मान्य आहे, पण सड्यावर रेंज नसते हे आपण विसरता. मोबाईल दिवसभर नोंदी साठवतो आणि संध्याकाळी गावात आल्यावर पाठवतो. त्यात पेटी आधी पोचते आणि तिचा नवा बागायतदार मागाहून. फॉरेन की असली की त्या एका पेटीपायी सगळी खेप परत फिरते आणि ऐन एप्रिलमध्ये गाडी खोळंबते. त्यातच एक जुना बागायतदार डिलीट करायचा म्हटले, तर डेटाबेस अख्खे पेटी टेबल चाळत बसतो. म्हणून नियम प्रोग्राममध्ये ठेवून रोज रात्री पोरक्या नोंदी शोधणारी क्वेरी चालवणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

सुरंगी (वेंगुर्ले):
डिलीट रेंगाळते याचा दोष फॉरेन कीला देऊ नये. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचे इनोडीबी (त्याचे साठवण इंजिन) त्या कॉलमवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नसेल तर स्वतः तयार करते, पोस्टग्रेस करत नाही. तो हाताने घालावा लागतो आणि नेमका तोच राहून जातो. क्रमाची अडचण असेल, तर पोस्टग्रेसमध्ये बंधन 'डिफरेबल इनिशियली डिफर्ड' ठेवावे, म्हणजे तपासणी कमिटच्या (बदल कायम करण्याच्या) वेळी होते आणि एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पेटी आधी आली तरी चालते. मात्र बागायतदार दुसऱ्याच खेपेत येणार असेल, तर याचा उपयोग नाही. तिथे बंधने नसलेल्या स्टेजिंग (तात्पुरत्या) टेबलात नोंदी उतरवून जुळलेल्या तेवढ्याच पुढे न्याव्यात.

चेकबद्दलही एक सांगते. 'डझन शून्यापेक्षा जास्त' असा चेक घातला तरी डझनाच्या जागी नल (रिकामी किंमत) आले तर तो बिनतक्रार पास होतो, कारण उत्तर 'खोटे' येत नाही, 'अज्ञात' येते. त्यामुळे सोबत नॉट नल हवेच. मायएसक्यूएल तर 8.0.16 च्या आधी चेक वाचून सोडून देत असे. जुन्या सर्व्हरवर विसंबलेल्यांनी हे तपासावे.

कातळसडा (देवगड):
इंडेक्सचा मुद्दा मी मान्य करतो, स्टेजिंगचा नाही. पेटी गाडीत चढून वाशीला निघालेली असते आणि तिची नोंद स्टेजिंगमध्ये अडकलेली, म्हणजे गाडीच्या यादीत ती दिसतच नाही. पट्टी आणि पैशांच्या टेबलांवर कडक बंधने घाला, त्याला माझा विरोध नाही; पेटीवर नको.

खाडीकाठ (रत्नागिरी):
मग पेटीतला बागायतदार क्रमांक रिकामा राहू द्यावा, पण फॉरेन की काढू नये, कारण नल असलेल्या नोंदीला ती अडवत नाही. जोडीला 'क्रमांक किंवा मोबाईलवर लिहिलेले नाव, यांपैकी एक तरी हवेच' असा चेक घालावा. पेटी यादीत दिसते आणि चुकीचा क्रमांकही शिरत नाही. चालू हंगामात हे करायचे असेल, तर बंधन 'नॉट व्हॅलिड' म्हणून घालावे. नव्या नोंदींना ते लगेच लागू होते, आणि जुन्या नोंदी नंतर 'व्हॅलिडेट'ने तपासताना टेबलात लिहिणे थांबत नाही.

कातळसडा (देवगड):
हे मला पटण्यासारखे आहे. तरीही माझी रात्रीची क्वेरी राहणारच, कारण पट्टी आली आणि तो रकाना अजून रिकामाच असला, तर पैसे कोणाच्या खात्यावर जमा करायचे हे कोणतेही बंधन सांगणार नाही.