विद्यापीठाची जाहिरात निघाली! तुमचा अनुभव लिहा

अकोला, अमरावती, गडचिरोली, कुठल्याही विद्यापीठाची भरती निघाली की गावच्या ग्रुपवर पीडीएफ येतं अन् दोन दिवस नुसती चर्चा. पद शिक्षकेतर असो, प्रकल्पातलं असो की तासिकेवरचं, स्वतःवर गुदरलं ते लिहा. ऐकीव नको, नावंही नकोत.

सुरुवात माझ्यापासून. अर्जाच्या फीचा डीडी (डिमांड ड्राफ्ट) कुलसचिवांच्या नावानं काढला. जाहिरातीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं, ‘नियंत्रक’. तो रद्द करायचेही बँकेनं पैसे कापले. शेवटचं पान आधी वाचा.

पऱ्हाटीवाला
कपाशीच्या प्रकल्पात 11 महिन्यांचा करार होता. थेट मुलाखत, सकाळी 10 ले हजर. पहिल्या यष्टीनं गेलो तरी नंबर 43वा, अन् जागा एक! साहेबांनी विचारलं, कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा सापळा) गुलाबी अळीचे पतंग किती दिसले की फवारणी? म्हटलं, सलग तीन रात्री आठ-आठ. बापाच्या वावरात सापळे मीच लावत होतो, पाठ करायची गरजच नाही. घेतलं बाप्पा!

मग रोज दवातच प्लॉटवर. 20 हिरवी बोंडं तोडायची, एकेक फोडून पाहायची. वरून बोंड एकदम चांगलं, आत गुलाबी अळी सरकीत तोंड खुपसून बसलेली. विसात दोन निघाली की धोक्याची पातळी. काम आवडलं. पगार मात्र अनुदान आलं तर. एकदा चार महिने आलंच नाही, किराणा उधारीवर.

माहेर दर्यापूर
लिपिकाचा अर्ज. सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. सेतूवाला म्हणे नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला आणा. नॉन-क्रीमिलेयरला लग्नानंतरही आईवडिलांचंच उत्पन्न धरतात, हे त्याला समजावण्यात तीन चकरा. तोवर 31 मार्च उलटला, जुनं प्रमाणपत्र बाद. बहिणींनो, राजपत्रात नाव आधीच बदलून ठेवा.

तासिका सर
सेट, पीएचडी, दोन्ही आहे. मानधन दिवाळीला येईल म्हणतात, होळीला येतं. एक फायदा, सोयाबीन सोंगायला रजा मागावी लागत नाही. तास नाही, पैसे नाहीत, विषय संपला.

वर्धेकर
नवीन पोरांनो, प्रकल्पातली जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो, संशोधनाची जागा) अन् यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) जेआरएफ एकच समजू नका. यूजीसीची 2023 पासून महिना 37,000, दोन वर्षांनी काम पाहून 42,000, अन् ती तुमच्या नावावर. प्रकल्पातली जागा प्रकल्पासोबतच जाते.

माहेर दर्यापूर
थेट मुलाखतीला जायचा खर्च देतात का हो?

पऱ्हाटीवाला
नाही ताई, जाहिरातीतच लिहून असते. डबा अन् पाण्याची बाटली न्या, माझा नंबर दुपारी साडेतीनले लागला होता. @वर्धेकर, माझा प्रकल्प मार्चमध्ये मिटला. आता घरच्याच वावरात सापळे पाहतो, वही अजून चालू आहे.