'फिंगरस्मिथ' सोडू नका!

वर कोणीतरी लिहिलंय की ब्रिटिश लेखिका सारा वॉटर्सची 'फिंगरस्मिथ' ही कादंबरी शंभर पानांनंतर कंटाळून ठेवून दिली. प्लीज परत उचला हो, कारण एका मुलीने सांगितलेला पहिला भाग संपताना खरा धक्का बसतो आणि मग तीच गोष्ट दुसऱ्या मुलीच्या तोंडून सुरू होते, तेव्हा आधी वाचलेलं प्रत्येक वाक्य वेगळंच दिसायला लागतं. मी तर मागे जाऊन सगळे प्रसंग पुन्हा तपासले.

१८६२ चं लंडन आहे, पण राणी, राजवाडे वगैरे काही नाही. लँट स्ट्रीटवरचं चोरांचं घर, तिथे पैसे घेऊन सांभाळलेली तान्ही बाळं, आणि ती रडू नयेत म्हणून त्यांना चमच्याने पाजलेली जिन (दारू!). हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून होते. (लेखक चार्ल्स डिकन्सचे वडील कर्जापायी तुरुंगात होते तेव्हा छोटा डिकन्स याच लँट स्ट्रीटवर खोली घेऊन राहायचा.)

अजून एक, कादंबरीतला लग्न करून पैसा लाटायचा कट नीट कळायला तेव्हाचा कायदा माहीत हवा. लग्न झालं की बायकोचा पैसा नवऱ्याचा, ते बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. आणि दोन डॉक्टरांनी सही केली की धडधाकट बाई वेड्यांच्या इस्पितळात! तिथली पानं वाचताना अक्षरशः घुसमट होते, कारण आत कोंडलेली बाई जितकं जीव तोडून सांगते की मी वेडी नाहीये तितकी ती डॉक्टरांना जास्तच वेडी वाटते.

शेवट मात्र मी सांगणार नाही, वाचून झालं की इथे नक्की लिहा.