मदत हवी आहे: पदकावरचा शिपाई कुठल्या गावचा?

नमस्कार मंडळी. निपाणीच्या एका सराफाकडे मोडीत आलेलं चांदीचं पदक परवा मी वजनाच्या भावाने घेतलं. आटवायलाच निघालं होतं, जीव हळहळला. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोडेस्वार आणि १९१४-१९१८. म्हणजे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. रिबन नाही.

पण खरी गोष्ट कडेवर असते. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. माझ्या पदकावर ‘सिपॉय’ आणि ‘११० मराठा एल. आय.’ (लाइट इन्फन्ट्री, म्हणजे हलकं पायदळ) स्पष्ट वाचता येतं, नाव मात्र घासून अर्धंच उरलंय. भिंगातून बघून डोळे दुखले. हीच पलटण एप्रिल १९१६ मध्ये इराकमधल्या कूटला तुर्कांच्या हाती कैद झाली होती, म्हणून जास्तच चुटपुट लागलीय.

युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या वॉर ग्रेव्हज कमिशनकडे बऱ्याचदा वडिलांचं नाव, गाव मिळतं, पण ती मेलेल्यांची यादी. हा गडी परत आला असेल तर कुठे शोधायचं? बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये (मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र) जुन्या नोंदींसाठी अर्ज कसा करतात? आणि झिजलेली अक्षरं पदक न घासता वाचायची युक्ती कुणाला माहीत आहे का? खानापूर, चिकोडी, हुक्केरीकडे कुणाच्या घरी ‘पणजोबा बसऱ्याला (इराकात) होते’ असं सांगतात का, तेही कळवा. वारस सापडले तर पदक त्यांच्याच देव्हाऱ्यात जाईल.