बेंबीची रेषा शिकवणं थांबवायला हवं का?

मुक्ता:
"बेंबीच्या वरची लसिका काखेत, खालची जांघेत." पोटाच्या भिंतीचा लिम्फॅटिक ड्रेनेज, म्हणजे ऊतींतला लसिका (लिम्फ) हा द्रव कुठल्या लिम्फ नोड्सकडे (लसिकाग्रंथींकडे) वाहून जातो ते, आपण मेडिकलच्या पहिल्या वर्षाला या एका वाक्यात उरकतो. मला हे पटत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ साप्पे यांनी मृतदेहांच्या लसिकावाहिन्यांत पारा भरून कमरेभोवतीची ही सीमा मांडली. जिवंत माणसांत टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य टोचून स्कॅन होऊ लागले, तेव्हा या सीमेजवळची लसिका कधी वर, कधी खाली, तर कधी दोन्ही बाजूंना जाताना दिसली.

श्रीधर:
मॅडम, अपवादांसाठी नियम मोडू नका. जांघेत गाठ घेऊन पेशंट आला की या वाक्यामुळेच विद्यार्थी बेंबीखालची त्वचा, गुप्तांगं, गुदद्वार तपासतो. नाहीतर तो फक्त पाय बघून मोकळा होईल.

मुक्ता:
गाठीवरून मूळ शोधायला वाक्य चालेल, सर. उलट्या दिशेने ते घात करतं. एका पेशंटला बेंबीच्या दोन बोटं वर मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) होता. सगळ्यांचं लक्ष काखेकडे, पण टोचलेल्या द्रव्याचा किरणोत्सर्ग टिपणारा प्रोब काखेत गप्प राहिला आणि जांघेवर ठेवताच वाजायला लागला. स्कॅन न करता काख उघडली असती तर?

ऋचा:
माझा आक्षेप वेगळा आहे. हे वाक्य फक्त त्वचा आणि त्याखालच्या चरबीपुरतं आहे, हे कोणी सांगतच नाही. स्नायूंच्या थरातली लसिका रक्तवाहिन्यांचा माग धरते: सुपिरियर एपिगॅस्ट्रिकबरोबर वर छातीच्या हाडालगतच्या पॅरास्टर्नल नोड्सकडे, इन्फिरियर एपिगॅस्ट्रिकबरोबर खाली ओटीपोटातल्या एक्स्टर्नल इलिअक नोड्सकडे. वॉर्डात मी स्वतः इथे चुकले आहे. शिवाय बेंबीतली सिस्टर मेरी जोसेफ गाठ! ब्रिटिश सर्जन हॅमिल्टन बेली यांनी 1949 मध्ये हे नाव रूढ केलं. ती लिम्फ नोड नसतेच, आतल्या कॅन्सरचा बेंबीत झालेला प्रसार असतो. तिथे ही रेषा मनात धरून गाठीचं मूळ त्वचेत शोधत बसलो, तर पोटातला कॅन्सर हातचा जातो.

श्रीधर:
खोल थराचं म्हणणं मान्य, ते त्याच तासाला शिकवायला हवं. वाक्य मात्र मी काढणार नाही. अठरा वर्षांच्या मुलाला आधी धरायला काहीतरी लागतं.

मुक्ता:
मग निदान रेषा म्हणू नका, पट्टा म्हणा. फळ्यावर खडू आडवा धरून काढा.