मदत हवी आहे: ऊन आलं की डेप्थ कॅमेऱ्याच्या चित्रात भोकं पडतात

रोबोटच्या पंजाजवळ स्टिरिओ डेप्थ कॅमेरा (दोन लेन्सच्या चित्रांतल्या खुणा जुळवून अंतर मोजणारा) बसवलाय, वस्तू साधारण २० ते ३० सेंटीमीटरवर. ढगाळ उजेडात झकास चालतो. पण खिडकीतून ऊन आलं की वस्तूवर खुणा म्हणून प्रोजेक्टरने टाकलेले इन्फ्रारेड ठिपके पार धुऊन जातात आणि चित्रात गुळगुळीत पांढऱ्या डब्याच्या मधोमध भोकं पडतात, म्हणजे तिथलं अंतरच मिळत नाही. कडा तेवढ्या नीट येतात. डब्यावर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला तर तीच जागा लगेच भरते, म्हणजे कॅलिब्रेशन (दोन्ही लेन्सची आपसातली जुळणी) ठीक असावं. चकचकीत स्टीलचं तर विचारूच नका, दोन्ही लेन्सना चमक वेगवेगळ्या जागी दिसते. ऑटो एक्स्पोजर (किती प्रकाश घ्यायचा ते कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं) फक्त डब्यापुरतं ठेवून पाहिलं, थोडाच फरक पडला. आता बँडपास फिल्टर (फक्त ठिपक्यांचा इन्फ्रारेड प्रकाश आत सोडणारा) लावू की जवळ वेगळा दिवा? चमकीसाठी पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) कुणी वापरलाय का? त्याने ठिपकेही मंद झाले का?